घाटात कुणी चालत नाही

लोणावळ्याहून आलं की बार्शीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. "चिक्की आणली का?" आणली. दोन किलो आणली, दुकानाच्या काउंटरवर ठेवली आणि औषधाला येणाऱ्या प्रत्येकाला, शुगरवाले सोडून, एकेक तुकडा दिला. पण मी चिक्की आणायला गेले नव्हते. पळायला गेले होते. शनिवारी पवना धरणाच्या अंगाने डोंगरातली शर्यत, रविवारी लोणावळ्यात रस्त्यावरची. दोन्ही एकवीस-एकवीस किलोमीटर. आमच्या धावण्याच्या क्लबातून आठजण गेलो होतो, त्यांत बाया दोन. एक मी, नंदा, आणि दुसरी शबाना.

जाण्याआधीचं थोडं सांगायला हवं. आमच्या क्लबात एक 'लांबची बॅच' आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी, उजाडायच्या आत, ती परांडा रोडने निघते. त्या बॅचमध्ये फक्त पुरुष. बायकांनी मैदानात गोल फिरायचं. क्लबचे अध्यक्ष ढगे सर हे निवृत्त पीटी शिक्षक. माणूस मनाने वाईट नाही, पण त्यांचं एक वाक्य मी क्लबात आल्यापासून ऐकत होते, "अंधारात बायकांची जबाबदारी कोण घेणार?"

मी चौतीस वर्षांची आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील पिठाच्या गिरणीवर, आई लोकांचे पापड लाटायला. मी बी. फार्म. केलं, स्वतःच्या नावाने मेडिकल काढलं. कुणाला कोणती गोळी किती द्यायची ही जबाबदारी माझ्यावर चालते. माझ्या दोन पायांची मात्र दुसऱ्या कुणीतरी घ्यायची होती!

सरांनी आमची नावं परस्पर रविवारच्या पाच किलोमीटरला टाकली होती. म्हणाले, "पळा, फोटो काढा, चिक्की घ्या." शबाना शाळेत शिकवते, तिला वर्गात आणि वर्गाबाहेर एकच आवाज आहे. ती म्हणाली, "सर, चिक्की बार्शीतपण मिळते." तिचा गुडघा नुकता बरा झाला होता, म्हणून तिने रविवारची एकवीस घेतली. मी दोन्ही दिवस घेतले. सर म्हणाले, "दोन्ही वेळेत पूर्ण करून दाखवा, मग बॅचचं बघू."

साक्षीला सगळा क्लब होता. मी म्हटलं, "ठरलं."

शुक्रवार, पवनानगर

कामशेतला हायवे सोडला आणि गाडी पवनानगरच्या रस्त्याला लागली, तशी आमच्या गाडीतली बडबड हळूहळू बंद झाली. कारण पाणी. फेब्रुवारी महिना, आणि एवढं पाणी नुसतं पडून! आमच्याकडे या दिवसांत नळाला पाणी आलं की शेजारणीला हाक मारून सांगतात. इथे पाण्याच्या काठाला तंबू ठोकलेत, तंबूंपुढे स्पीकर लावलेत, आणि पुण्या-मुंबईचे लोक खुर्च्या टाकून पाण्याकडे बघत बसलेत. पलीकडे तुंगचा सुळका, अलीकडे तिकोना. तिकोना खरंच तीन कोनांचा दिसतो. आमच्याकडे एवढ्या उंचीला फक्त पाण्याची टाकी असते.

आम्ही दोघी रखमा मावशींकडे उतरलो. त्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्यात. जेवायला धरणातल्या माशाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा भात. भात शिजला तेव्हा वासाने मी पडवीतून उठून आत गेले. मावशींनी ताटात डोंगर केला.

"बास मावशी, एवढा भात आम्ही सणालासुद्धा खात नाही."

"मग काय खाता?"

"ज्वारीची भाकरी."

"रोज?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आजारी आहे. "खा गं. उद्या पळायचंय न्हवं? पळून मिळतं काय पन?"

"मेडल."

"सोन्याचं?"

"नाही ओ, पत्र्याचं."

"पत्र्यापायी बार्शीवरनं आला?"

शबाना म्हणाली, "बाया पण पळतात, हे दाखवायला आलोय, मावशी."

"ते हितं रोजच दिसतं," मावशी ताकाचा तांब्या ठेवत म्हणाल्या. "कामशेतची यष्टी सुटाय लागली की समद्या बाया पळत्यात. कुनी पत्रा देत न्हाई."

भांडी घासताना मी त्यांना विचारलं, तुमचं पहिल्यापासून इथेच घर का? त्यांनी ओल्या हाताने पाण्याकडे दाखवलं. "जुनं गाव त्याच्याखाली. मी सासरी आले तवा धरनाचे सायब रोज येऊन म्हनायचे, उठा, बाजूला व्हा. झालो बाजूला. आता परत कोन म्हनलं तर न्हाई व्हायची." आणि परत तवा घासायला लागल्या. झोपताना ते वाक्य माझ्याबरोबर होतं.

शनिवार, डोंगर

शर्यतीचा नियम साधा होता. जमिनीवर पांढऱ्या फक्कीचे बाण मारलेत, त्यांच्यामागे जायचं. वाटेत तीन चौक्या. प्रत्येक चौकीवर मनगटात एक रंगीत रबर घालतात. तीन रबरं घेऊन ठरल्या वेळेत धरणाकाठच्या कमानीखाली यायचं.

फक्कीचे बाण आम्हाला नवे नाहीत. बार्शीत कुठलीही शर्यत असो, मैदान आखायचं असो, फक्कीचं पोतं आधी येतं. आमच्यासारख्या पळणाऱ्या माणसाची ती सवयच होते. बाण दिसला की डोकं बंद, पाय चालू. माझा घात या सवयीने केला.

पहिले आठ-नऊ किलोमीटर चांगले गेले. चांगले म्हणजे दोनदा पडले. सपाटीवर वाढलेल्या माणसाला चढाची भीती वाटते. खरी भीती उताराची असते, हे मला तिथे कळलं. भाताच्या खाचरांचे बांध, वाळलेलं पिवळं गवत, गवताखाली दडलेले दगड. गुडघ्याला माती, तळव्याला काटा. तरी दोन रबरं मनगटात होती आणि वेळ हातात होता. पुढचे लोक पुढे गेलेले, मागचे मागे राहिलेले, मी एकटी.

मग एका मोठ्या झाडापाशी फाटा आला. डावीकडे एक बाण, वाऱ्याने अर्धा उडालेला. उजवीकडे दुसरा बाण, हातभर रुंद, ताजा, पांढराशुभ्र. मी थांबलेसुद्धा नाही. मोठ्या बाणामागे गेले.

उतार होता. पुढे दुसरा बाण, तिसरा बाण. आणि खालून लाउडस्पीकरचा आवाज, हलगी, माणसांचा गलका. मला वाटलं, काय जोरदार चौकी आहे! लोक टाळ्या वाजवणार, लिंबूपाणी देणार. मी केस नीट केले, पदकाच्या फोटोत दिसतं तसं तोंड केलं आणि झाडीतून बाहेर पडले.

समोर बैल होते.

किती तरी बैल. शिंगांना रंग, पाठीवर भंडारा, टेम्पोतून उतरत असलेले, बाभळीला बांधलेले. पांढऱ्या टोप्यांचा समुद्र. आणि मधोमध डोंगराच्या अंगाने सरळ वर गेलेला, दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत असलेला मातीचा पट्टा. बैलगाड्यांची शर्यत. तिथे त्या चढाच्या पट्ट्यालाच घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या धावेला बारी. ते मोठे बाण गावच्या यात्रा कमिटीने पाहुण्यांचे टेम्पो घाटाच्या पायथ्याशी यावेत म्हणून मारले होते. छातीवर नंबर लावलेली, गुडघे फुटलेली बाई त्यांना अपेक्षित नव्हती.

हलगी थांबली. माइकवाला एका ट्रॉलीवर उभा होता, गळ्यात उपरणं, हातात माइक. तो माइकवरच बोलला. "ओ ताई! कुठला गाडा तुमचा?"

सगळा घाट हसला. मी ट्रॉलीपाशी गेले आणि सांगितलं, पळण्याच्या शर्यतीतली आहे, वाट चुकले, तिसऱ्या चौकीला जायचंय.

तो माइक झाकून म्हणाला, "अरे द्येवा. ती तर पार वर, डोंगराच्या बगलंला. ताई, असं करा, माझा भाऊ गाडीवर सोडंल. थेट धरनापाशी. कोनाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"व्हय, ते हाय," तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला ते पटलं. "मग आलात तशा माघारी जावा. पन त्या वाटंनं आता टेम्पो उतरत्यात, चार हायेत, वाट बंद. दुसरा रस्ता गावाला वळसा घालून, लय लांब."

"आणि हा?" मी घाटाकडे बोट केलं. घाटाचं वरचं टोक बरोबर त्या फाट्याच्या जवळ निघत होतं. मला इथूनही ते झाड दिसत होतं.

यावर ट्रॉलीजवळचे एक आबा पुढे आले. हातात कासरा, कासऱ्याला दोन पांढरे बैल. पुढची बारी त्यांची होती. "बाईमानूस घाटात उतरत न्हाई," ते म्हणाले. रागाने नाही. पाऊस पडत नाही म्हणावं तसं.

मला आणखी एक ढगे सर भेटले होते, तेही बैलांसकट. बार्शीत मी असंच वाक्य ऐकून गप्प बसायची. इथे बसायला वेळ नव्हता.

"आबा, मला घाट नको. मला वर जायचंय. वर जायचा दुसरा रस्ता दाखवा, मी त्याने जाते. नसेल तर बाजूला व्हा."

माइकवरचा हात केव्हाच निघाला होता. 'बाजूला व्हा' सगळ्या डोंगराने ऐकलं. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यांकडे, मग मनगटातल्या रबरांकडे. जनावर घेताना बघतात, तसं.

"माझी बारी थांबवतो," ते म्हणाले. "पन ऐक. घाटात कुनी चालत न्हाई. मधी थांबलं का बारी बाद. चालायचं आसंल तर आत्ताच वळसा घाल."

"नाही चालणार."

"दात खाऊन पळ. आन वर बघ, पायाकडं नगं."

माइकवाल्याला आता कोण आवरणार? "थांबा मंडळी, थांबा! बार्शीच्या... ताई नाव काय? ...बार्शीच्या नंदाताईंची बारी! बिनबैलाची! वरच्या झेंडापंचानं तयारीत राहायचं! घड्याळवाले, घड्याळ!"

मी पट्ट्यात उतरले. माती लोण्यासारखी मऊ, बैलांच्या खुरांनी भुसभुशीत झालेली, पाय घोट्यापर्यंत आत. झेंडा पडला आणि दोन्ही बाजूंनी "भिर्रर्रर्र" असा आवाज आला. तो आवाज मी आयुष्यात कधी स्वतःसाठी ऐकला नव्हता. बैल का पळतात ते मला कळलं. मागे काहीतरी मोठं येतंय असं वाटतं.

निम्म्यात पोटऱ्या पेटल्या. शरीर म्हणालं, चाल. कुणी काही म्हणणार नव्हतं. मी पाहुणी होते, बाई होते, दमलेली होते, चालण्याची सगळी कारणं माझ्याजवळ तयार होती. मी वर बघितलं. झेंड्याकडे बघत, तोंड उघडं टाकून, ज्याला पळणं म्हणायला लाज वाटावी असं पळत, पण पळत, वर पोचले. कुणीतरी अंगावर मूठभर भंडारा उधळला. खालून माइक ओरडत होता, "बैलांच्या पाचपट येळ लागला, मंडळी! पन बारी बाद न्हाई! बारी बाद न्हाई!"

मागे वळून हात केला. खाली आबा आपले बैल जुंपत होते. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांना त्यांची बारी होती.

फाट्यावर आले, अर्ध्या उडालेल्या बाणामागे गेले, तिसऱ्या चौकीवर रबर घेतलं. चौकीवरची मुलगी सामान आवरत होती. "मॅडम, तुम्ही पिवळ्या का?" मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे.

धरणाकाठी पोचले तेव्हा हवेची कमान जमिनीवर लोळत होती, दोघेजण तिच्यावर बसून तिच्यातली हवा काढत होते. मी त्या लोळणाऱ्या कमानीवर पाय देऊन पलीकडे गेले. संयोजकांपैकी एक तरुण धावत आला. पोरगा सभ्य होता. "मॅडम, सॉरी. वेळ संपली. तुमची शर्यत अपूर्ण धरावी लागेल."

मी मनगट पुढे केलं. तीन रबरं.

"शर्यत माझी पूर्ण झालीय," मी म्हटलं. "संपलीय ती तुमची वेळ. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"हो, पण मॅडम, नियम..."

"नियम पाळा. पदक नका देऊ. फक्त अपूर्ण म्हणू नका."

शबाना टॉवेल घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, तू हळदीला जाऊन आलीस का?" ढगे सर तिच्यामागे उभे होते. सगळे मावशींकडे जेवायला गेले होते, ते नव्हते गेले. उन्हात उभं राहून त्यांचं तोंड रापलं होतं. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि माझं पिऊन होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "किती घाबरलो होतो माहितीय? ह्यालाच जबाबदारी म्हणतात."

"सर, मी हरवले आणि माझी मीच परत आले," मी म्हटलं. "ह्याला पण जबाबदारीच म्हणतात."

रविवार, लोणावळा

पायऱ्या उतरायची सोय राहिली नव्हती. गाडीतून मी उलटी उतरले. लोणावळ्यात धुकं होतं, चिक्कीची दुकानं बंद, आणि बाजारात तीनशे-चारशे माणसं रंगीत कपड्यांत उड्या मारत होती. रविवारची शर्यत स्वतंत्र, म्हणून माझा नंबर चालू होता. दोन्ही दिवस पळणाऱ्यांच्या यादीतून मात्र माझं नाव निघालं होतं. शबाना म्हणाली, "आज सोड. काय मिळणारे?" पण ती हे बोलताना माझ्या बुटाची नाडी बांधत होती, कारण मला वाकता येत नव्हतं.

वाट भुशी धरणाकडून वर लायन्स पॉइंटपर्यंत आणि परत. बार्शीत 'चढ' म्हणजे रेल्वेचा पूल. इथे रस्ता एका वळणावर असा उभा राहतो की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर येते. त्या वळणावर सगळे चालत होते. महागडे बूट चालत होते, परदेशी घड्याळं चालत होती. आणि ढगे सर, कमरेवर हात ठेवून, चालत होते.

मी पळत होते असं म्हणणं धाडसाचं आहे. लहान मूल पहिल्यांदा घरभर करतं, तसं काहीतरी. पण चालत नव्हते. सरांच्या बाजूने जाताना म्हटलं, "सर, घाटात कुणी चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"आबा."

"कोण आबा?"

दम नव्हता सांगायला.

वर पोचले तेव्हा धुकं फाटलं आणि खाली दरी दिसली. एवढी खोल की क्षणभर पायाचं दुखणं विसरले. एका बाईने कणीस भाजत असताना मला हाक मारली, "घ्या, पैशे नगं, पळताय म्हनून." परतीचा उतार मी ते कणीस हातात धरून उतरले. शबाना आणि मी शाळेच्या मैदानात पोचलो तेव्हा कमान उभी होती, हवेने फुगलेली. दोघींना एकेक पदक मिळालं. पत्र्याचं. रखमा मावशींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "गंजू दिऊ नगं."

परतीला गाडीत, चिक्कीचे पुडे मांडीवर घेऊन, शबानाने विषय काढला. "सर, मग बॅचचं?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "दोन्ही वेळेत, असं ठरलं होतं. एक वेळेत झाली. नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी बघू."

मी मांडीवरचे पुडे नीट रचले. सरांना वाटलं, मी मान्य केलं. मी विचार करत होते की उठा, बाजूला व्हा, हे वाक्य माणसं किती साध्या आवाजात म्हणतात. आणि दुसरा विचार होता फक्कीचा.

मंगळवार, बार्शी

सोमवारी दुकान बंद केल्यावर फक्कीची एक पिशवी घेतली. मैदानात गोल फिरणाऱ्या बायकांना शबानाने निरोप दिले होते. मंगळवारी उजाडायच्या आत आम्ही सातजणी परांडा रोडला होतो. रस्ता क्लबाने बांधलेला नाही. तो वापरायला परवानगी लागत नाही, हे मला तीन वर्षं सुचलं नव्हतं. बॅच नेहमी सरळ जाते. आम्ही तलावाच्या फाट्याला वळायचं ठरवलं आणि मागून येणाऱ्या दोघींना अंधारात कळावं म्हणून फाट्यावर एक बाण मारला. हातभर रुंद, पांढराशुभ्र. पुढे आणखी दोन.

तलावाच्या बांधावर बसून आम्ही चिक्की खात होतो, तेव्हा खालून बॅटऱ्यांचे उजेड दिसायला लागले. एकामागे एक, ओळीने, बाणामागून बाण, लांबची बॅच बांधाकडे आली. सगळ्यात पुढे ढगे सर. पळणारी माणसं ती. बाण दिसला, वळली.

सर आम्हाला बघून थांबले. बॅटरी आमच्यावर मारली, मग मागे वळून बाणावर, मग परत आमच्यावर. मागचे पुरुष एकमेकांवर येऊन थांबले.

"हे बाण कुणी मारले?"

मी हातावरची फक्की झटकली आणि उठले. बाकीच्या सहाजणीही उठल्या.

"लांबच्या बॅचनं, सर," मी म्हटलं. "या मागून. पुढच्या वाटेला चढ आहे. चालायचं नाही."